सुरतेचा आवाज आणि एका पूर्ववर्धकाची निवड

सुरत हे नाव ऐकताच मराठी माणसाच्या मनात प्रथम उभ्या राहतात त्या शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्या, १६६४ ची आणि १६७० ची. इतिहासाशी ज्याचा थोडा अधिक परिचय आहे त्याला १९०७ सालची राष्ट्रसभा आठवते. आमच्यासारख्या वकिलीच्या व्यवसायातील माणसाला मात्र सुरतेस जाण्याचा प्रसंग येतो तो बहुधा भागीदारीच्या, वाटणीच्या किंवा कापडाच्या व्यवहारातून उद्भवलेल्या तंट्याच्या निमित्ताने. गेल्या खेपेस आम्ही तेथे गेलो तेही एका तंट्यासाठीच. पण त्याचा विषय असा होता की तो आमच्या कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडला नसता.

सुरतेत दोन पिढ्यांपूर्वी स्थायिक झालेले आमच्या नात्यातील एक गोमंतकीय कुटुंब आहे. घरातील वडीलधारे गृहस्थ ऐंशी उलटलेले. त्यांचे बालपण फोंडा महालात गेले. तरुणपणी गावच्या देवळात सुवारीला ते घुमट वाजवीत आणि भजनात पुढे बसून अभंग म्हणत. सुरतेस आल्यावरही सोमवारी सायंकाळी देवघरासमोर बसून भजन करण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. पेटीच्या साथीला त्यांचा नातू बसे. हा मुलगा आता एका कापडाच्या कचेरीत नोकरीस लागला आहे, आणि पेटीबरोबरच विजेवर चालणारी गिटारही तो वाजवितो. पगारातून शिल्लक टाकून त्याने एक यंत्र घ्यावयाचे ठरविले. त्याला रॅकमध्ये बसविण्याचा पूर्ववर्धक, वादकांच्या बोलीत ‘प्रीअँप’, म्हणतात. त्याला हवा होता तो ‘हाय गेन’चा, म्हणजे गिटारीचा लहानसा स्वर अनेक पटींनी वाढवून तो खरखरीत, दाट आणि लांब टिकणारा करणारा.

आजोबांचा विरोध पैशाला नव्हता. “वकीलबाब, हो आवाज न्हय, हो बोवाळ,” असे त्यांनी आम्हास आल्या आल्या सांगितले. नातवाचे म्हणणे असे की, उत्सवात देवळापुढे कर्णे किंचाळतात तेव्हा त्यास कोणी बोवाळ म्हणत नाही, मग माझ्याच वाद्याने काय पाप केले? हा प्रश्न विचारण्यात त्याच्याकडून थोडे औद्धत्य झाले असावे. तीन सोमवार भजनाला पेटी वाजली नव्हती. आजोबा एकटेच टाळ घेऊन बसत आणि मुलगा त्या वेळी घराबाहेर राही. घरातील मंडळी आम्हास म्हणाली, “तुम्ही निवाडा द्या.” आम्ही तो राखून ठेवला, कारण पुरावा पाहिल्यावाचून निवाडा देऊ नये अशी आमची शिकवण आहे. आणि पुरावा शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की, कोणता आवाज निवडावा आणि तो किती मोठा करावा हा वाद सुरत शहराला मुळीच नवा नाही. तो तेथे चार शतकांचा जुना आहे.

इंग्रज व्यापाऱ्यांनी सुरतेस वखार घातली त्या काळची गोष्ट. जहांगीर बादशहाची मर्जी संपादन केल्यावाचून व्यापाराची सनद टिकणार नव्हती. म्हणून १६१३ साली पॉल कॅनिंग नावाचा गुमास्ता सुरतेहून आग्र्यास रवाना झाला, तेव्हा त्याच्याबरोबर आपल्या राजाचे पत्र, नजराणे आणि दोन वादक देण्यात आले. एक त्याचाच नातलग लान्सलॉट कॅनिंग. तो ‘व्हर्जिनल’ वाजवी. व्हर्जिनल म्हणजे पेटीसारख्या चौकटीत तारा ताणलेले आणि पट्टी दाबली असता पिसाच्या टोकाने तार छेडणारे वाद्य. दुसरा रॉबर्ट ट्रुली. त्याचे वाद्य ‘कॉर्नेट’. हे आजच्या बँडमधील पितळी कॉर्नेट नव्हे. त्या काळचे कॉर्नेट लाकडाचे, किंचित वाकडे, वरून चामडे मढविलेले, बोटांसाठी छिद्रे असलेले असे असे, आणि त्याचा स्वर मोकळा, दूरवर पोहोचणारा व माणसाच्या गळ्याशी नाते सांगणारा असे.

बादशहापुढे दोन्ही वाद्ये वाजली. व्हर्जिनलाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. कॉर्नेटने मात्र बादशहा इतका प्रसन्न झाला की त्याने स्वतः ते फुंकून पाहिले, आपल्या कारागिरांकडून तशी वाद्ये करवून घेण्याचा प्रयत्न केला, आणि आपल्या प्रमुख वादकास ते शिकावयास लाविले. कारागिरांची नक्कल साधली नाही. व्हर्जिनल वाजविणारा तो बिचारा कॅनिंग आपल्या कलेची कदर झाली नाही या खेदानेच मेला असे त्या वेळच्या इंग्रजांनी लिहून ठेविले आहे. पॉल कॅनिंगही त्याच वर्षी आग्र्यास वारला. पुढे १६१५ च्या सप्टेंबरात सर टॉमस रो सुरतेजवळच्या सुवाळीच्या बंदरात उतरला, आणि १६१६ च्या जानेवारीत अजमेरास त्याने बादशहास जे नजराणे दिले त्यांत एक घोडागाडी आणि पुन्हा व्हर्जिनलच होते. पहिल्या अनुभवातून निवड करणारांनी फारसा बोध घेतलेला दिसत नाही.

व्हर्जिनल हे वाईट वाद्य होते काय? मुळीच नव्हे. इंग्लंडातील उमरावांच्या लहान, लाकडी तक्तपोशीच्या दालनात त्याचा नाजूक झणत्कार पुरेपूर ऐकू येई. मोगल दरबार ही वस्तू निराळी. तेथे नक्कारखान्याची सवय झालेले कान, उघड्या कमानी आणि उभे राहिलेले शेकडो लोक. तेथे त्या पिसाने छेडलेल्या तारेचा स्वर दहा पावलांवर विरून गेला असेल तर नवल नाही. हा आमचा तर्क आहे. परंतु वाद्य निवडताना ते कोणत्या जागेत वाजणार हे न पाहिल्यास काय होते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हास ठाऊक नाही. दुकानात किंवा दुसऱ्याच्या मैफलीत ऐकलेले यंत्र आपल्या घरी आणल्यावर तसेच वाजेल असे जो धरून चालतो, तो व्हर्जिनल घेऊन आग्र्यास निघाला आहे असे समजावे.

आता दुसरा पुरावा. १९०७ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन नागपुराऐवजी सुरतेस भरले. तापीच्या काठी फ्रेंच बागेत मोठा मंडप घातला होता. नेमस्तांचे नियोजित अध्यक्ष डॉ. रासबिहारी घोष, स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी. २६ डिसेंबरला घोषांच्या नावाची सूचना अंबालाल साकरलाल देसाई यांनी मांडली आणि अनुमोदनास सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले. सुरेंद्रनाथ म्हणजे हिंदुस्थानातील अग्रगण्य वक्ते. सहस्रावधी लोकांच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचविण्याची त्यांची ख्याती. पण त्या दिवशी मंडपात असा काही कोलाहल उठला की त्यांचा तो आवाजही त्यात बुडाला आणि सभा दुसऱ्या दिवसावर ढकलावी लागली.

दुसऱ्या दिवशी सुरेंद्रनाथांनी भाषण कसेबसे आटोपले. घोष अध्यक्षीय भाषण वाचू लागले तोच टिळक व्यासपीठावर आले. तहकुबीची सूचना मांडण्याची परवानगी त्यांनी चिठ्ठीने आधीच मागितली होती; तिचे उत्तर आले नव्हते. त्यांना खाली जाण्यास सांगण्यात आले. ते हातांची घडी घालून उभे राहिले. इतक्यात मंडपातून एक मराठी जोडा भिरभिरत आला, सुरेंद्रनाथांना लागला आणि फिरोजशहा मेहतांनाही लागला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या आणि शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला. फुटलेले दोन पक्ष पुन्हा एकत्र आले ते १९१६ साली लखनौस. मधल्या काळात टिळकांनी मंडालेचा सहा वर्षांचा कारावास भोगला.

योगायोग असा की, ज्या वर्षी सुरतेच्या मंडपात माणसाचा गळा असा हरला, त्याच वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेत ली डी फॉरेस्ट याने आपल्या तीन अग्रांच्या निर्वात नलिकेच्या एकस्वासाठी अर्ज केला होता. ‘ऑडिऑन’ हे तिचे नाव. क्षीण विद्युत्‌प्रवाहाने बलवान प्रवाहास आज्ञा द्यावी ही किमया तिच्यात होती. परंतु तिचा आवाज वाढविण्याकडे खरा उपयोग होऊ लागण्यास आणखी पाच-सहा वर्षे जावी लागली. १९१५ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे प्रिढॅम आणि जेन्सन या दोघांनी फार मोठ्या जनसमुदायास लाऊडस्पीकरवरून भाषण व गायन ऐकविले. सुरतेची सभा मोडून तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती.

मग मनात असा प्रश्न येतो की, त्या फ्रेंच बागेत एखादा कर्णा असता तर राष्ट्रसभा फुटली नसती काय? आम्हास तसे वाटत नाही. भांडण आवाज पोहोचत नव्हता याचे नव्हते. बोलू द्यावयाचे की नाही याचे होते. यंत्र ज्याच्या हाती असते त्याचाच आवाज ते मोठा करते. सुरतेस ते अध्यक्षांच्या हाती राहिले असते, आणि खाली उभ्या असलेल्याची तक्रार अधिकच अनैकलेली राहिली असती. उभय पक्षांचे ऐकून घ्यावे हा न्यायाचा पहिला नियम आहे, आणि तो कोणत्याही व्हॉल्व्हच्या आत बसविलेला नसतो.

याच सुरत जिल्ह्यात, बारडोलीच्या बाजूस तापीकाठच्या हरिपुऱ्यास १९३८ च्या फेब्रुवारीत राष्ट्रसभेचे एक्कावन्नावे अधिवेशन भरले. विठ्ठलभाई पटेलांच्या स्मरणार्थ वसविलेले विठ्ठलनगर, एक्कावन्न बैलांनी ओढलेला रथ, नंदलाल बसूंनी रंगविलेली खेड्यातील जीवनाची चित्रे आणि अध्यक्षस्थानी सुभाषचंद्र! तोवर काळ बदलला होता. नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ या मुंबईच्या पेढीचे कर्णे त्या दशकात राष्ट्रीय सभांतून सर्वत्र दिसू लागले होते, आणि लक्षावधींच्या समुदायास पुढाऱ्याचा साधा, बोलका स्वरही ऐकू येऊ लागला होता. गर्जना करणाऱ्या वक्त्याची जागा हळूहळू संभाषण करणाऱ्या वक्त्याने घेतली, ती या यंत्रामुळे. तरीही पुढच्याच वर्षी, १९३९ च्या एप्रिलात, सुभाषबाबूंना अध्यक्षपदाचा राजीनामा द्यावा लागला. आवाज पोहोचला; मने जुळली नाहीत. यंत्राकडून त्याच्या ताकदीबाहेरची अपेक्षा करू नये, एवढेच यावरून घ्यावयाचे.

येथवर इतिहास झाला. आता त्या मुलाच्या यंत्राकडे वळू, कारण जे समजून घेतले नाही त्याविरुद्ध निवाडा देणे हा अन्याय होय.

विजेच्या गिटारीत तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की त्या वेढ्यांत अल्पसा विद्युत्‌दाब उत्पन्न होतो, एका व्होल्टचा लहानसा अंश. एवढ्याने कर्णा हलत नाही. म्हणून मध्ये दोन पायऱ्या लागतात. पहिली पूर्ववर्धकाची, तो त्या अल्प दाबास वाढवितो आणि त्यास रंगरूप देतो. दुसरी शक्तिवर्धकाची, तो त्या रंगरूपास बळ देऊन कर्ण्याकडे धाडतो. रॅक म्हणजे एकोणीस इंच रुंदीची लोखंडी चौकट. तिच्यात पावणेदोन इंचांच्या पटीत उंची असलेली यंत्रे एकाखाली एक बसवितात. एका पेटीतच सर्व काही घेण्याऐवजी प्रत्येक पायरीचे यंत्र निराळे निवडता यावे, हा तिचा हेतू.

यात ध्यानात ठेवावयाची गोष्ट अशी की पहिल्या पायरीवर जे मिसळले ते पुढे सगळे वाढते. स्वर शंभरपट वाढला तर त्याच्याबरोबर आत शिरलेली घरघरही शंभरपट वाढते. अनेक पायऱ्यांच्या वर्धकात एकंदर खरखर मुख्यत्वे पहिल्या पायरीवरून ठरते, हे हॅराल्ड फ्रीस याने १९४४ साली गणिताने मांडले. म्हणून शहाणा वादक पहिल्याने गिटारच पाहतो. विजेच्या तारांची घरघर एकमेकींस छेदून नाहीशी करणारे दोन उलट वेढ्यांचे ‘हमबकर’ गिब्सन कारखान्यातील सेथ लव्हर याने १९५५ च्या सुमारास योजिले, ते याचसाठी. घाण पाणी पुढे कितीही मोठ्या हौदात साठविले तरी ते स्वच्छ होत नाही.

मग ‘हाय गेन’ म्हणजे काय? व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीपेक्षा अधिक प्रबळ स्वर दिला की तो स्वरलहरीचे माथे कापून टाकतो. कापलेल्या लहरीत मूळ स्वराचे अनेक उपस्वर उत्पन्न होतात, आणि स्वर दाट व लांब होतो. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील रँडल स्मिथ याने लहान फेंडर वर्धकांत पूर्ववर्धकाची एक पायरी अधिक घालून हा परिणाम वाटेल तितका वाढविता येईल अशी सोय केली. त्यातूनच ‘मेसा-बूगी’ हे नाव पुढे आले. १९८७ साली एडीए कंपनीचा ‘एमपी-१’ निघाला. व्हॉल्व्हचा स्वर आणि खुणेने बदलणाऱ्या १२८ मांडण्या त्याने एका सपाट पेटीत आणल्या. पुढे मेसाचा ‘ट्रायॅक्सिस’ आणि मार्शलचा ‘जेएमपी-१’ हे याच जातीचे यंत्र १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बाजारात आले. आमच्या नातलग मुलाची दृष्टी या जुन्या, आता कारखान्यातून न निघणाऱ्या यंत्रांवरच होती.

येथे आजोबांच्या आक्षेपास उत्तर देण्याची वेळ येते. लहर कापून केलेला स्वर हा बिघडलेलाच स्वर नव्हे काय? शास्त्राच्या भाषेत होय. त्याला विकृतीच म्हणतात. परंतु आपल्या तंबोऱ्याची जवारी काय आहे? घोडीचा माथा रुंद व किंचित उतरता ठेवून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून, तार घोडीला पुनःपुन्हा हलकेच घासेल अशी योजना आपले कारागीर करतात. त्या घासण्यातूनच उपस्वरांची ती झळाळी उठते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली कलकत्त्यास तंबोरा व वीणा यांच्या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जो उपस्वर तार छेडण्याच्या जागेमुळे उमटू नये असे युरोपीय नियम सांगतो, तोही आपल्या घोडीमुळे उमटतो, असे त्यांनी दाखविले. दोहोंची यंत्रणा एक नाही. तंबोऱ्यात तार स्वतः घासते, गिटारीत व्हॉल्व्ह माथा कापतो. पण साध्या स्वरास जाणूनबुजून खरखरीत करून श्रीमंत करावयाचा, ही कल्पना आपल्या देवघरात पूर्वीपासून नांदत आहे. घुमटाचेही तेच. मातीच्या मडक्याचे तोंड डाव्या हाताने झाकीत-उघडीत वादक घुमारा कमीअधिक करतो. तोही एक वर्धकच, फक्त विजेवाचून चालणारा. घोरपडीचे कातडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गेले, बकऱ्याचे आले, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटास वारसावाद्याचा मान दिला. साधन बदलले, वाद्य राहिले.

आणखी एक गोष्ट आम्हास त्या मुलाकडून कळली, आणि तिने आम्ही चकित झालो. फार ‘गेन’ दिलेल्या गिटारीवर तीन-चार निरनिराळे स्वर एकदम छेडले तर चिखल होतो, कारण माथा कापताना त्या स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे, बेसूर स्वर उत्पन्न होतात. म्हणून हे वादक बहुधा दोनच स्वर घेतात, मूळ स्वर आणि त्याचा पंचम. त्यांचे प्रमाण दोनास तीन असल्यामुळे उत्पन्न होणारे नवे स्वरही त्याच मेळात बसतात. षड्ज आणि पंचम! जगातील अत्यंत कर्कश म्हणून नावाजलेले हे संगीत शेवटी तंबोऱ्याच्या पायाशीच येऊन बसलेले आहे.

मग निवड कशी करावी? मुलाने विचारले म्हणून आम्ही चार जाणत्या वादकांस विचारून आणि स्वतः वाचून त्याला जे सांगितले ते येथे थोडक्यात देतो. उत्सवासाठी ध्वनिसाहित्य घेणाऱ्या देवस्थानच्या मंडळींसही त्यातील बरेच उपयोगी पडेल. पहिले, जागा. सुरतेतील सदनिकेत दोन खोल्यांच्या भिंतींआड वाजवावयाचे असेल तर मोठ्या कर्ण्यापेक्षा कर्ण्याचा स्वर आतल्या आत घडवून कानाच्या यंत्राकडे देण्याची सोय अधिक मोलाची. दुसरे, वीज. अमेरिकेसाठी केलेले यंत्र १२० व्होल्टचे असते, आपली वीज २३० व्होल्टची. आतील ट्रान्स्फॉर्मर बदलता येतो की बाहेरचा लावावा लागेल हे आधी पाहावे. तिसरे, अर्थिंग. घरघर जाते म्हणून तिसरी पिन काढून टाकण्याची वाईट खोड अनेकांस असते. ती प्राणावर बेतते. घरघर अन्य मार्गाने घालवावी, अर्थिंग तोडून नव्हे. चौथे, दुरुस्ती. जुन्या यंत्रांतील मांडण्या आतील लहानशा बॅटरीवर टिकतात. ती संपली की सर्व विसरले जाते. व्हॉल्व्ह आजही मिळतात, पण बटणे व पडदे मिळतीलच असे नाही. यंत्र बंद केल्यावरही आतील साठवणीत प्राणघातक विद्युत्‌दाब काही काळ राहतो, म्हणून झाकण जाणत्यानेच उघडावे. पाचवे, क्रम. सभागृहासारखा निनाद देणारे यंत्र पूर्ववर्धकाच्या नंतर जोडावे. आधी जोडले तर निनादाचेच माथे कापले जाऊन सारा गोंधळ होतो. आणि शेवटचे, ‘गेन’. ज्या यंत्रात ‘गेन’ पुष्कळ आहे ते घेण्यापेक्षा ज्यात तो थोडा थोडा कमीजास्त करता येतो, आणि बोट हलके ठेवले तर स्वरही निवळतो, ते घ्यावे. नाव पाहून घेऊ नये. आपली गिटार आणि आपला कर्णा नेऊन, तासभर वाजवून मग घ्यावे.

कायद्याचा एक शब्द सांगितल्यावाचून आमची लेखणी पुढे जाणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी हवी, आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत तो बंदिस्त सभागृहाबाहेर लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देऊ शकते. त्याच वर्षीच्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने एका प्रार्थनास्थळाच्या खटल्यात स्पष्ट केले की, दुसऱ्यांची शांतता भंग करून किंवा वर्धक लावून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. तो निर्णय ज्यांच्याविरुद्ध गेला ते आपल्या धर्माचे नव्हते म्हणून आपणास तो लागू नाही असे कोणी समजू नये. उधन्यापासून लिंबायतपर्यंत सुरतेतील मराठी वस्त्यांत गणेशोत्सव थाटाने होतो. तेथील आजारी माणूस आणि परीक्षेस बसलेले मूल हेही त्याच गणरायाचे भक्त आहेत. नातवाचा तो उद्धट प्रश्न मुळात खरा होता, हे आम्हास कबूल केले पाहिजे. घरातील गिटारीस बोवाळ म्हणावयाचे आणि देवळापुढच्या कर्ण्यास भक्ती म्हणावयाचे, हा दोन मापांचा न्याय झाला.

निवाडा आम्ही सोमवारी सायंकाळी दिला. मुलास सांगितले, प्रश्न बरोबर होता, विचारण्याची रीत चुकली. आजोबांची क्षमा माग. त्याने वाकून नमस्कार केला. आजोबांस विनंती केली की, ज्यास आपण बोवाळ म्हणता ते एकदा समोर बसून ऐका. न ऐकता निकाल देणे आपल्यासारख्या गायकास शोभत नाही. ते काही बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

मुलाने एका मित्राकडून चार दिवसांसाठी आणलेला पूर्ववर्धक लहानशा कर्ण्यास जोडला, आवाज बोलण्याइतकाच ठेवला, आणि आजोबांच्या पट्टीत षड्ज-पंचम छेडून तो स्वर तसाच टिकवून धरला. खोलीभर एक दाट गुंजन पसरले. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “जवारी मातशी उणी कर.” नातवाने ‘गेन’ची कळ किंचित मागे फिरविली. “आनीक मातशी.” त्याने आणखी फिरविली. मग आजोबांनी टाळ हाती घेतले.

त्या दिवशी भजन गिटारीवर झाले असे मात्र वाचकांनी समजू नये. दोन आवर्तनांनंतर आजोबांनीच त्याला पेटी काढावयास सांगितली, आणि तिसऱ्या आठवड्यानंतर प्रथमच ती त्या घरात वाजली. यंत्र कोणते घ्यावे हे अद्याप ठरावयाचे आहे. परंतु दुकानात ऐकावयास जाताना आजोबाही बरोबर जाणार आहेत, असे परवाच्या पत्रात मुलाने आम्हास कळविले आहे.